शेवटच्या पंगतीआधीचा फोन

"दादा, शंभर माणसांचं जेवण शिल्लक हाय, गाडी लावतासा काय?" असा फोन रात्री साडेअकराला आला की आम्ही आधी गॅसचं विचारतो. भाताखालचा गॅस किती वाजता बंद झाला? पलीकडे जरा शांतता होते, कुणीतरी आचाऱ्याला हाक मारतं आणि उत्तर येतं, "साडेसातला." तो भात आम्ही घेत नाही.

यजमानांना वाईट वाटतं, कधी रागही येतो. अन्नाला नाही म्हणणं आपल्याकडे पाप समजतात. पण उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोहोचवायचं काम चार-पाच वर्षं केल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. ते अन्न द्यायच्या लायकीचं राहणार की नाही, हे संध्याकाळी सातच्या सुमाराला ठरतं. रात्री साडेअकराला ठरवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. आमचा गट तालमीतल्या दहा-बारा पोरांचा. कोल्हापूर शहरातल्या दुसऱ्या तालमी, महिला मंडळं आणि कॉलेजची मुलंही आता हे काम सुरू करायचं म्हणतात. त्यांना आम्ही तोंडी जे सांगतो, ते इथं लिहून काढलं आहे.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात एका कार्यालयातून आम्ही मसालेभाताची अख्खी डेग आणि आमटीचे दोन टोप उचलले. झाकणं घट्ट लावली, वर गोणपाट बांधलं, "गरम राहील" म्हणून खूश झालो. हायवेजवळच्या एका वीटभट्टीवर पोहोचेपर्यंत एक वाजला. झाकण काढलं तर आमटीवर बारीक फेस आणि आंबूस वास. भात मात्र वासाला अगदी झकास. एकाने सहज थर्मामीटर खुपसला, डेगीच्या मधोमध ४१ अंश. सगळं तिथंच खड्ड्यात घातलं आणि झोपेतून उठवलेल्या माणसांची माफी मागून परत आलो. आमटीनं निदान सांगितलं तरी. त्या भाताची आठवण झाली की अजून घाम फुटतो.

भात गप्प का राहतो

शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. त्याच्या वर किंवा खाली अन्न राहिलं तर धोका कमी. उरलेल्या अन्नाचं सगळं शास्त्र या दोन आकड्यांत आहे.

कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. मोठ्या टोपातल्या मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असंच सावकाश थंड होण्याची वाट बघत असतो. हाताला जखम असलेल्या किंवा शिंकणाऱ्या वाढप्याकडून स्टॅफिलोकॉकस खव्याच्या मिठाईत जातो, आणि त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून "एकदा गरम करून देऊ की" हा उपाय उशीर झाल्यावर कामाचा नसतो.

वास घेऊन खात्री करायची आपली सवय इथं फसवते. त्यातून कोल्हापूरचं जेवण म्हणजे कांदा-लसूण मसाला, त्यात थोडाफार वास असला तरी लपतो. वास आला तर फेकायचंच, पण वास नाही म्हणून घ्यायचं असं करू नका.

कागद आधी करून घ्या

"आम्ही कुठं धंदा करतोय, आम्हाला कसला परवाना?" हे वाक्य आम्हीही म्हटलं होतं. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये अन्नव्यवसायाची जी व्याख्या आहे, तिच्यात नफा असो वा नसो, दोन्ही येतात. अन्न गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं आणि वाटणं हे सगळं त्यात बसतं. शिवाय उरलेल्या अन्नासाठी वेगळी नियमावली आहे. ती २०१९ मध्ये आली आणि १ जुलै २०२० पासून लागू झाली. अन्न देणारा व्यावसायिक आणि अन्न वाटणारी संस्था, दोघांच्या जबाबदाऱ्या तिच्यात लिहिल्या आहेत. अन्न सुरक्षित असावं, बाकीच्या मालापासून वेगळं ठेवलेलं असावं, त्यावर माहिती असावी, विकलं जाऊ नये आणि कुठून आलं, कुठं गेलं याची नोंद राहावी, असा तिचा रोख आहे.

नोंदणी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या पोर्टलवर होते. लहान गटांसाठी फॉर्म ए आहे. गटातल्या एका जबाबदार माणसाचं ओळखपत्र, फोटो आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो. अडलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सरळ जाऊन विचारा. साहेबांना घाबरून एजंटाला पैसे देऊ नका.

केटररकडूनही त्याचा क्रमांक मागून घ्या. बिलावर तो छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, म्हणून मागायला संकोच नको. जो केटरर क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या भटारखान्यातून अन्न उचलायची आमची तयारी नसते. याच कायद्याच्या कलम ८० मध्ये, पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर बचाव करता येतो अशी तरतूद आहे. ते दाखवायचं ते कागदावरच, म्हणून नोंदवहीचा कंटाळा करू नका.

संध्याकाळी सातचा फोन

लग्नाच्या तिथी पंचांगात असतात. तुळशीच्या लग्नानंतर आणि उन्हाळ्यात हंगाम कुठं भरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही महिन्याच्या सुरुवातीला पाच-सहा कार्यालयांच्या व्यवस्थापकांकडून तारखा घेतो. कार्यक्रमाच्या दिवशी आमचा माणूस फोन करतो तो जेवणं सुरू होण्याआधी, आणि आचाऱ्याशी बोलतो. यजमान त्या वेळी लग्नाच्या गडबडीत गुंतलेला असतो, त्याला त्रास देण्यात अर्थ नाही. परवानगी मात्र त्याची आदल्या दिवशीच घ्यायची.

आचाऱ्याला दोन विनंत्या करायच्या. पहिली, सगळा भात एकदम शिजवू नका, शेवटचा घाणा पंगतीचा अंदाज घेऊन टाका. अनुभवी आचारी हे आपणहून करतात, फक्त यजमान "कमी पडायला नको" म्हणून मागे लागलेला असतो. त्यामुळे कधीकधी उरायचंच कमी होतं आणि आमची गाडी रिकामी राहते. चांगलंच आहे. दुसरी विनंती, शेवटून दुसरी पंगत बसली की जे वाढायला बाहेर जाणार नाही ते एका बाजूला काढून, झाकून, मंद आचेवर ठेवा. हे त्याने केलं तर निम्मं काम झालं.

बुफे असेल तर नियम आणखी कडक. पाहुण्यांच्या समोर मांडलेल्या भांड्यांतलं काही घ्यायचं नाही. तिथं शंभर हातांनी डाव फिरवलेला असतो, लहान मुलांनी बोटंही घातलेली असतात. फक्त आत भटारखान्यात राहिलेलं, बाहेर न गेलेलं अन्न आपलं. ताटातलं तर उष्टंच, त्याचा विषयच नाही.

भटारखान्यात पोहोचल्यावर

सोबत टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर हवा. हजार रुपयांच्या आत मिळतो. तो बरोबर दाखवतो का हे दर महिन्याला तपासा. ग्लासभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून धरला तर ० यायला हवं. उकळत्या पाण्यात धरला तर कोल्हापुरात साधारण ९८ येईल. १०० आलं नाही म्हणून फेकू नका, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत आणि पाणी इथं थोडं आधीच उकळतं.

मग आचाऱ्याशी बोलणं. यात जरा कौशल्य आहे.

"मामा, भाताचा गॅस कधी बंद केलासा?"

"आत्ताच की लेका."

"आत्ता म्हंजे? दुसऱ्या पंगतीआधी का नंतर?"

"...आधी."

पंगतीच्या हिशेबानं विचारलं की खरं उत्तर मिळतं. घड्याळाकडे कुणी बघितलेलं नसतं, पण कुठली पंगत चालू होती हे प्रत्येकाच्या लक्षात असतं.

आता तापमान. भांड्याच्या मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे मोजा. रश्शावर तेलाचा तवंग असेल तर वाफ दिसत नाही पण आत गरम असतं, आणि उलट डेगीत वरचा भात वाफाळता दिसला तरी कडेचा कोमट झालेला असतो. दोन्ही ठिकाणी ६० च्या वर असेल तर घ्या. ६० च्या खाली असेल आणि गॅस बंद होऊन तास झाला नसेल, तर तिथल्याच भट्टीवर पुन्हा तापवून घ्या, मधोमध ७५ अंश येईपर्यंत. भात एकदम तापवला तर खाली करपतो आणि वर थंडच राहतो. म्हणून लहान टोपात थोडा थोडा घ्या, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, मधून उलथा. तासाहून जास्त झाला असेल किंवा नक्की कळत नसेल तर हात जोडा आणि नाही म्हणा.

थंड करून, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाटायची पद्धतही आहे, आणि मोठ्या संस्था ती व्यवस्थित पाळतात. पण पसरट ट्रेमध्ये दोन बोटांच्या थरात पसरून, बर्फाच्या पाण्यावर ठेवून झटपट गार करायचं, मग ५ अंशांच्या खाली साठवायचं, याला जागा आणि मोठं शीतकपाट लागतं. तालमीतल्या घरगुती फ्रिजमध्ये गरम टोप कोंबला तर टोप गार होत नाही, आतलं दूध मात्र नासतं. लहान गटानं गरम उचलायचं आणि गरमच वाढायचं, एवढंच करावं असं माझं ठाम मत आहे.

काय उचलायचं, काय सोडायचं

कोरडं सगळ्यात सोपं. पोळ्या, भाकरी, जिलेबी, बुंदीचे लाडू, शंकरपाळ्या, पापड, न कापलेली फळं, सीलबंद पाण्याच्या बाटल्या हे डोळे झाकून घ्या. म्हणजे वाढायला बाहेर गेलेलं नसेल तरच. पोळ्या गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम सुटून चिकट होतात. सुती कापडात गुंडाळा. भात, वरण, आमटी, सुकी भाजी, तांबडा रस्सा हे तापमान बघून.

पांढरा रस्सा आम्ही कधीच घेत नाही. नारळाचं दूध आणि मटणाचा आळणी रस्सा यांची ती जोडी लवकर उतरते, आणि जोरात तापवायला गेलं तर फुटते. बासुंदी, रसमलाई, श्रीखंड, मठ्ठा, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, कापलेली फळं हीसुद्धा नकोत. बासुंदी नाकारताना जीव तुटतो, कारण लोकांना तीच हवी असते. पण मे महिन्याच्या रात्री मांडवात तीन तास राहिलेली बासुंदी लहान मुलाच्या हातात द्यायला मन होत नाही.

मटण घेतलं तर भांडी, डाव, पिशव्या सगळं वेगळं, आणि गाडीत शाकाहारीच्या खाली.

डबे, चिठ्ठी, गाडी

झाकणाचे जाड इन्सुलेटेड डबे वापरा. अन्न भरण्याआधी त्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, मग ओतून टाका. थंड डब्यात गरम भात घातला की डबाच त्याची उष्णता खातो. डबा काठोकाठ भरा, अर्धा डबा लवकर निवतो.

प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावायची. तिच्यावर ठळक अक्षरांत "उरलेले अन्न, विक्रीसाठी नाही" असं लिहितो. खाली पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, कुठून घेतलं, शिजवल्याची तारीख आणि वेळ, उचलताना किती तापमान होतं, आणि कधीपर्यंत खायचं. शेंगदाणा, काजू, तीळ, दूध यांतलं काही असेल तर तेही. आपल्याकडे कूट कशातही असतं, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं पोर असू शकतं.

"कधीपर्यंत खायचं" हे ठरवताना जगभर वापरला जाणारा दोन तासांचा ठोकताळा आम्ही घेतो. अन्न ६० च्या खाली उतरलं की खाल्लं जाईपर्यंत जास्तीत जास्त दोन तास, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. प्रत्यक्षात आम्ही भटारखान्यातून निघाल्यापासून पाऊण तासात पहिलं ताट वाढलं गेलं पाहिजे असा हिशेब ठेवतो. म्हणजे शहरातल्या राजारामपुरीतून उचललं तर लांब कागलपर्यंत जायचा मोह टाळायचा.

पोरांबद्दलही बोलायला हवं. सर्दी, जुलाब, हाताला गळू असेल त्यानं त्या दिवशी गाडी चालवावी, अन्नाला हात लावू नये. साबणानं हात, डोक्याला टोपी, वाढताना डाव. आणि तोंडातला मावा घरी ठेवून यायचा. हे शेवटचं सांगताना आमच्यात दोनदा भांडणं झालीत.

कोण आत्ता जेवणार आहे?

गरीब कोण, यापेक्षा या वेळेला जागा आणि उपाशी कोण, हे बघा. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे फडात जातात, रात्री अकराला त्यांच्या खोप्या झोपलेल्या असतात. तुम्ही भात देऊन आलात की तो सकाळच्या न्याहारीसाठी झाकून ठेवला जातो. तुम्ही सगळे नियम पाळले आणि शेवटचे सात तास तो भात तसाच बाहेर राहिला. तिथं रात्री फक्त कोरडं द्या, किंवा दुपारच्या कार्यक्रमाचं जेवण संध्याकाळच्या आत.

रात्री उशिरा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पेशंटचे नातेवाईक जागे असतात, स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनबाहेरही माणसं असतात. मात्र रुग्णासाठी आत न्यायचं नाही, हे वाढतानाच सांगा. वसतिगृह, वृद्धाश्रम किंवा बालगृह असेल तर तिथल्या जबाबदार व्यक्तीचा होकार आधी घ्या, आणि तिच्यासमोर तापमान मोजून सही घ्या. वृद्धाश्रमात जिलेबीचं टोपलं ठेवून येऊ नका, निम्म्यांना साखर असते. गरोदर बाई, तान्ही मुलं, आजारी माणूस यांच्यासाठी ताजं असेल तर ताजंच बरं.

शक्य तिथं थांबून वाढा. पिशव्या वाटल्या की त्या साठवल्या जातात. पंगत बसवली की अन्न तिथंच संपतं, आणि वाढताना चार शब्द बोलणंही होतं. घेणाऱ्याचे फोटो काढू नका. यजमानाला पुरावा हवा असेल तर डब्यांचा फोटो पाठवा.

पूर आल्यावर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा बाहेरगावांहून शिजवलेल्या जेवणाची पाकिटं निघायची. भावना मोठी, पण रस्ते बंद, गाडी पाच-सहा तास अडकलेली आणि आत प्लास्टिकमध्ये बांधलेला गरम भात. पुरात लांबून पाठवायचं तर भडंग, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं, कोरड्या भाकऱ्या आणि पाणी पाठवा. गरम जेवण हवं असेल तर छावणीजवळ चूल मांडा आणि तांदूळ, डाळ, गॅस पोहोचवा.

जे द्यायच्या लायकीचं नाही

ते गाईम्हशींना घालू नका. आपण गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी माणसं आहोत, म्हशीचं पोट जपायला हवं. शिजवलेला भात भरपूर गेला की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतंसुद्धा. मटण-रस्सा तर नाहीच. पाणी गाळून कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा जवळ बायोगॅस असेल तिथं द्या. तळणीचं उरलेलं तेल वाटपात घेऊ नका आणि गटारातही ओतू नका. वापरलेलं तेल गोळा करून जैवइंधनासाठी नेणारे आहेत, ते केटररला सांगा.

वही आणि वाटी

घरी परतल्यावर झोप अनावर होते, पण वही तेव्हाच लिहा. देणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थ, अंदाजे किलो, उचलल्याची वेळ आणि तापमान, कुठं दिलं, वाढायला सुरुवात कधी, तेव्हाचं तापमान, किती फेकलं. जे नाकारलं तेही लिहा, कारणासकट. वर्षाअखेर ते पान कार्यालयाच्या व्यवस्थापकाला दाखवलं की पुढच्या वर्षी गॅस बंद करायच्या वेळा आपोआप सुधारतात.

डबे गरम पाणी आणि साबणानं धुऊन, पालथे घालून पूर्ण वाळवा. झाकणाचं रबर काढून धुवा, सगळी घाण तिथंच बसते.

आणि प्रत्येक पदार्थाची एक लहान वाटी, शंभरेक ग्रॅमची, स्वच्छ डब्यात भरून तारीख टाकून फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला उलट्या-जुलाब झाल्याचा फोन आला तर आधी त्या माणसाला दवाखान्यात पोहोचवायचं, मग त्याच खेपेचं अन्न मिळालेल्या बाकीच्यांना कळवायचं, आणि वही व वाटी दोन्ही अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायची. लपवाछपवी करायची नाही. तीन दिवस काही फोन आला नाही की वाटी रिकामी करून धुवायची, पुढच्या लग्नाला लागते.